बायबलचा उतारा अभ्यासताना : कोणती पायरी आधी, कोणती नंतर

घरसभेत वचन वाचून होते न होते तोच कुणीतरी विचारते, "यातून देव आज माझ्याशी काय बोलतो?" प्रश्न योग्यच आहे, पण तो शेवटी विचारायचा. आधी विचारला की उताऱ्यात काय लिहिले आहे हे पाहण्याआधीच उत्तर तयार होते, आणि उरलेला वेळ त्या उत्तराला पुरावे शोधण्यात जातो. महिला मंडळ असो, तरुण संघ असो की रविवारचा उपदेश, ही एकच चूक वेगवेगळ्या रूपांत भेटते. म्हणून या लेखात भर क्रमावर आहे: आधी काय लिहिले आहे ते पाहायचे, मग पहिल्या ऐकणाऱ्यांना त्याचा काय अर्थ लागला असेल ते, आणि त्यानंतर आपल्याकडे यायचे.

उदाहरणासाठी लूकच्या शुभवर्तमानातला १०:२५-३७ हा भाग घेतला आहे, म्हणजे 'चांगल्या शोमरोन्याचा दाखला': येशूने सांगितलेली बोधकथा, जिच्यात यहुद्यांशी वैर असलेल्या शोमरोनी लोकांपैकी एकजण वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करतो. मुद्दाम ओळखीचा उतारा निवडला, कारण पाठ असलेले वचन आपण वाचतच नाही, फक्त आठवतो. बायबल शेजारी उघडे ठेवा आणि प्रत्येक पायरीला तिथे जाऊन पाहा.

## तयारी

एक उतारा, एक वही, पेन्सिल आणि पाऊण-पाऊण तासाच्या तीन-चार बैठका एवढे पुरते. एका संध्याकाळी सगळे उरकायचा हट्ट धरू नका. पहिल्या बैठकीनंतर एक-दोन दिवस मध्ये गेले तर न दिसलेल्या गोष्टी दिसू लागतात.

भाषांतरे निदान दोन हवीत. बहुतेक प्रॉटेस्टंट घरांत बायबल सोसायटीची आर. व्ही. (रिव्हाइज्ड व्हर्शन) प्रत असते. तिच्या जोडीला सोप्या मराठीतले एखादे भाषांतर घ्या, किंवा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' मिळाले तर ते. हिंदी किंवा इंग्रजी चांगले वाचता येत असेल तर त्यातले एक चालेल. दोन्ही भाषांतरे जिथे वेगळी वाट धरतात तिथे वहीत खूण करा. लगेच एकाला चूक ठरवायचे नाही.

तळटिपा वाचा. लूक १०:१ मध्ये काही प्रतींत सत्तर शिष्य आहेत, काहींत बहात्तर. मार्क १६:९-२० आणि योहान ७:५३ ते ८:११ हे भाग अनेक छापील प्रतींत कंसात असतात. त्या टिपेने विश्वास डळमळायचे कारण नाही. जुन्या हस्तलिखितांत इथे फरक आहेत, एवढेच ती सांगते. मात्र ज्या वचनाला अशी टीप आहे, त्या एकट्याच्या आधारावर मोठी शिकवण उभी करू नये.

आता काय बाजूला ठेवायचे ते. टीकाग्रंथ (बायबलवरची भाष्ये), यूट्यूबवरचे उपदेश, अभ्यास-बायबलच्या समासातल्या नोंदी, सगळे सहाव्या पायरीपर्यंत बंद. त्यात वाईट काही नाही. पण दुसऱ्याचे उत्तर एकदा वाचले की स्वतःचे डोळे काम करायचे थांबतात.

प्रार्थनेने सुरुवात करा. पण 'पवित्र आत्मा सगळे उलगडून देईल' असे म्हणून वही न उघडणे हा आळस आहे, भले त्याला भक्तीचे नाव दिलेले असो.

इशारा: परिच्छेदांवरचे ठळक मथळे प्रकाशकांनी घातलेले आहेत. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली आणि नव्या करारातले वचनांचे आकडे १५५१ सालचे. लूकने यातले काहीच लिहिले नव्हते. आपल्या उताऱ्यातच बघा: 'चांगला शोमरोनी' हे शब्द मथळ्यात आहेत, वचनांत कुठेही नाहीत. मथळा वाचला की गोष्टीचा नायक कोण हे आधीच ठरून जाते आणि येशूच्या श्रोत्यांना बसलेला धक्का आपल्याला बसत नाही. अभ्यासाच्या वेळी मथळ्यावर कागदाची पट्टी ठेवा.

## पायरी १ : उताऱ्याची हद्द ठरवा

संडे स्कूलमध्ये हा दाखला नेहमी तिसाव्या वचनापासून सुरू होतो: एक मनुष्य यरुशलेमेहून खाली यरीहोस चालला होता. पण लूक तिथून सुरू करत नाही. तो पंचविसाव्या वचनात एका शास्त्र्याला, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्राच्या जाणकाराला, उभा करतो, जो येशूची परीक्षा पाहायला आला आहे. दोन प्रश्न त्याचे, दोन प्रतिप्रश्न येशूचे, आणि दाखला त्यांच्या मधोमध. तिसाव्या वचनापासून वाचले तर उत्तर हातात येते आणि प्रश्न मागेच राहतो.

हद्द ठरवताना जागा बदलली का, माणसे बदलली का, विषय बदलला का, एवढे पाहा. अडतिसाव्या वचनात येशू एका गावात जातो आणि मार्था, मरीया येतात. म्हणजे सदतिसाव्या वचनाला आपला उतारा संपला. पत्रांमध्ये जागा बदलत नाही. तिथे 'म्हणून', 'तर मग', 'परंतु' अशा शब्दांकडे लक्ष द्या. 'म्हणून' ने सुरू होणारे वचन एकटे उचलायचे नाही, कारण त्याचे कारण आधीच्या ओळींत असते.

तपासा: उताऱ्यातला पहिला बोलणारा कोण, आणि शेवटचे वाक्य कुणाचे? हे सांगता येत नसेल तर हद्द चुकली आहे.

## पायरी २ : फक्त पाहा

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यायचा आणि लोक सर्वांत कमी वेळ इथेच देतात.

उतारा तीन-चार वेळा वाचा, त्यात एकदा मोठ्याने. मग वहीत हाताने उतरवून काढा. कंटाळवाणे वाटते, पण लिहिताना शब्द टाळता येत नाही. त्यानंतर पानावर उभी रेघ मारून दोन रकाने करा: डावीकडे 'दिसते', उजवीकडे 'वाटते'. डाव्या रकान्यात बोट ठेवून दाखवता येईल तेवढेच लिहायचे. बाकी सगळे उजवीकडे.

आपल्या उताऱ्यात डावा रकाना साधारण असा भरतो. शास्त्र्याचा पहिला प्रश्न सार्वकालिक जीवनाबद्दल आहे, शेजाऱ्याबद्दल नाही. येशू उत्तर देत नाही, उलट विचारतो. शास्त्री अनुवाद ६:५ आणि लेवीय १९:१८ ही वचने जोडून सांगतो आणि येशू त्याचे उत्तर बरोबर ठरवतो. म्हणजे इथपर्यंत दोघांत वाद नाही. एकोणतिसाव्या वचनात लूक त्याचा हेतू सांगतो: त्याला स्वतःला नीतिमान ठरवायचे आहे. दाखल्यातल्या जखमी माणसाचे नाव, गाव, जात, धर्म यांपैकी काहीच दिलेले नाही. त्याचे कपडे काढून घेतलेले आहेत आणि तो अर्धमेला पडला आहे. याजक (मंदिरातला पुरोहित) पाहतो, लेवी (मंदिरातला सेवक) पाहतो, शोमरोनीही पाहतो. पाहण्याची क्रिया तिघांना सारखीच आहे. त्यानंतर शोमरोन्याच्या वाट्याला क्रियापदांची रांग लागते: जवळ गेला, जखमा बांधल्या, तेल व द्राक्षारस ओतला, जनावरावर बसवले, उतारशाळेत आणले, काळजी घेतली. पैसे तर त्याने दुसऱ्या दिवशी दिले, म्हणजे रात्र तिथेच काढली. आणि शेवटी येशू प्रश्न फिरवतो. शास्त्र्याने विचारले होते, 'माझा शेजारी कोण?' येशू विचारतो, या तिघांपैकी त्या माणसाचा शेजारी कोण झाला? शास्त्री उत्तरात 'शोमरोनी' म्हणत नाही, 'ज्याने दया केली तो' म्हणतो.

आता उजवा रकाना. 'त्याला तो शब्द तोंडातून काढवेना' हे उजवीकडे जाते. पटण्यासारखे आहे, पण लूकने तसे सांगितलेले नाही. 'याजक विटाळाच्या भीतीने बाजूने गेला' हेही उजवीकडेच. हे इतक्या उपदेशांत ऐकलेले असते की ते वचनातच आहे असे वाटते. शोधून पाहा, नाही.

या विटाळाच्या मुद्द्यावर थोडे थांबू, कारण 'वाटते' ची तपासणी कशी करायची ते यात नीट दिसते. लेवीय २१:१-३ प्रमाणे याजकाने जवळच्या नातेवाइकांखेरीज कुणाच्या प्रेताने विटाळायचे नाही. इथपर्यंत आधार आहे. पण एकतिसावे वचन म्हणते की याजक त्या वाटेने खाली जात होता. यरुशलेम उंचावर, यरीहो खोल दरीत. म्हणजे तो मंदिराकडे सेवेला चाललेला नव्हता, तिकडून दूर जात होता. शिवाय इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात (यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात) बेवारस प्रेताची क्रिया करण्यासाठी महायाजकालाही विटाळ पत्करण्याची मुभा दिली आहे. आणि मुख्य म्हणजे हा माणूस मेलेला नव्हताच. तेव्हा 'भीती विटाळाची असू शकेल, पण उतारा कारण सांगत नाही' एवढेच लिहायचे. कारण न सांगण्यात येशूचा काही हेतू असेल, तर तो आपण आपल्या अंदाजाने बुजवू नये.

इशारा: माणसांच्या मनात काय चालले होते याबद्दलची सगळी वाक्ये आधी उजव्या रकान्यात. लेखकाने स्वतः सांगितले असेल तरच डावीकडे.

## पायरी ३ : लिखाणाचा प्रकार ओळखा

दाखला हा रचलेला प्रसंग असतो, कुठल्यातरी मुद्द्यावर येण्यासाठी. त्यातल्या प्रत्येक वस्तूमागे गुपित नसते. स्तोत्र ही प्रार्थना किंवा गीत असते. तिथे माणूस देवाशी बोलतो, कधी संतापून. शत्रूची बाळे आपटणाऱ्याला धन्य म्हणणारी १३७ व्या स्तोत्राची अखेर वाचून 'बायबल असे करायला सांगते' म्हणणे चूक, तसेच ते वचन गाळून टाकणेही चूक. पत्र हे कुणीतरी कुणालातरी, एखाद्या अडचणीवर लिहिलेले असते.

नीतिसूत्रांबाबत तर घरोघरी गोंधळ आहे. नीतिसूत्रे २२:६ मुलाला योग्य मार्गाचे शिक्षण द्या म्हणते, आणि वाट सोडलेल्या मुलाच्या आईबापांना हेच वचन दाखवून दोष दिला जातो. नीतिसूत्र अनुभवाचे सार सांगते, हमीपत्र लिहून देत नाही. शंका असेल तर २६:४ आणि २६:५ एकापाठोपाठ वाचा. पहिले म्हणते, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको. दुसरे म्हणते, दे. संकलकाला हे दिसले नसेल असे मानायचे कारण नाही. कोणत्या वेळी कोणते लागू ते ओळखणे हेच शहाणपण.

कथनात घडले ते सांगितलेले असते, करा म्हणून सांगितलेले असेलच असे नाही. गिदोनाची लोकर हे आपल्याकडचे आवडते उदाहरण: इस्राएलच्या या नेत्याने रात्री लोकर बाहेर ठेवून तिच्यावरच्या दवावरून देवाकडे खूण मागितली. नोकरी घ्यावी की नाही, स्थळ पसंत करावे की नाही, यासाठी लोक 'लोकर ठेवतात'. पण शास्ते ६ पूर्ण वाचा. चौदा ते सोळा या वचनांत देवाने गिदोनाला काय करायचे ते स्पष्ट सांगून झाले आहे. लोकर येते ती छत्तिसाव्या वचनात, आणि दुसऱ्यांदा मागताना तो स्वतःच 'रागावू नको' म्हणतो. त्याला देवाची इच्छा कळलेली होती, धीर होत नव्हता. देवाने त्याला सांभाळून घेतले. पण इच्छा शोधायची ही पद्धत आहे असे तिथे कुणी म्हणत नाही.

प्रकटीकरण हे चिन्हांच्या भाषेतले लिखाण आहे आणि ते आजच्या तुर्कस्तानातल्या सात मंडळ्यांना (ख्रिस्ती समुदायांना) पाठवलेले होते. त्यांना अजिबात न समजणारा अर्थ, उदाहरणार्थ बारकोड, आधार कार्ड किंवा लस, आपल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर मिळाला असेल तर तो तिथेच राहू द्या.

## पायरी ४ : आजूबाजूचे वाचा

आता उताऱ्याबाहेर पडा, पण टप्प्याटप्प्याने: आधी मागचा-पुढचा परिच्छेद, मग अध्याय, मग संपूर्ण पुस्तक, आणि सर्वांत शेवटी बाकीचे बायबल. बहुतेक जण उलटे करतात. मागच्या पानावर न जाता थेट संदर्भसूचीतून दहा वचने गोळा करतात, शब्द जुळला की झाले.

आपल्या उताऱ्यात मागे एक पान गेले की लूक ९:५२-५५ सापडते. एका शोमरोनी गावाने येशूला उतरू दिले नाही, आणि याकोब व योहान विचारतात, आकाशातून अग्नी पाडावा काय? येशूने त्यांना धमकावले. हे ताजे असताना पुढच्याच अध्यायात येशू शोमरोन्याला दाखल्यात आणतो. दाखला ऐकताना ते दोघे भाऊ तिथे असतील तर त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटले असेल याचा अंदाज करता येतो (उजवा रकाना!). पुढे लूक १७ मध्ये दहा कुष्ठरोग्यांपैकी परत आलेला एकटा शोमरोनीच आहे, आणि लूकनेच लिहिलेल्या प्रेषितांच्या कृत्यांत आठव्या अध्यायात सुवार्ता शोमरोनात पोहोचते. म्हणजे शोमरोनी ही लूकच्या लिखाणात सहज आलेली गोष्ट नाही.

मग जुना करार. शास्त्र्याने जे लेवीय १९:१८ सांगितले, तोच अध्याय पुढे वाचा. चौतिसाव्या वचनात तुमच्यात राहणाऱ्या परक्यावरही स्वतःसारखी प्रीती करा असे आहे. 'माझा शेजारी कोण' याचे निदान अर्धे उत्तर त्याच्याच पुस्तकात, त्याच अध्यायात होते. २ इतिहास २८:१५ ही पाहा: शोमरोनातले लोक यहूदाच्या बंदिवानांना कपडे देतात, खायला-प्यायला देतात, तेल लावतात, अशक्तांना गाढवांवर बसवतात आणि यरीहोला पोहोचवतात. साम्य विलक्षण आहे. येशूच्या मनात हा प्रसंग होताच असे सिद्ध करता येत नाही. 'शक्य आहे' असे लिहून पुढे जा.

संदर्भ न पाहिल्याने सर्वांत जास्त वापरले गेलेले वचन बहुधा यिर्मया २९:११ असेल. कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेवर, दहावीच्या शुभेच्छांत सगळीकडे: तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत. आता त्याच्या आधीचे वचन वाचा. बाबेलात (बॅबिलोनमध्ये) सत्तर वर्षे पूर्ण झाल्यावर, असे ते म्हणते. हे इ. स. पूर्व ५९७ मध्ये यरुशलेमेहून नेलेल्या बंदिवानांना लिहिलेले पत्र आहे. पाचव्या ते सातव्या वचनांत त्यांना सांगितले आहे की घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा आणि ज्या शहरात नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा 'दोनच वर्षांत परत जाल' म्हणत होता, आणि यिर्मयाचे पत्र त्या स्वस्त आशेला उत्तर आहे. पत्र ऐकलेल्या प्रौढांपैकी बहुतेकांनी परतीचा दिवस पाहिला नाही. तरीही अभिवचन खरे होते, एका लोकसमूहाला दिलेले, पिढ्या ओलांडून पुरे होणारे. हे कळल्यावर वचन भिंतीवरून काढावे लागत नाही, पण 'या वर्षी माझे काम होणार' असा त्याचा अर्थ मात्र उरत नाही.

फिलिप्पैकरांस ४:१३ चे असेच. 'मला सामर्थ्य देणाऱ्याच्या साहाय्याने मी सर्व काही करू शकतो' या, परीक्षेला जाण्याआधी म्हटल्या जाणाऱ्या वचनाच्या आधी पत्राचा लेखक प्रेषित पौल भूक आणि विपुलता, दोन्हींत समाधानी राहण्याबद्दल बोलतो आहे.

तपासा: उताऱ्याच्या आधीच्या दहा आणि नंतरच्या दहा वचनांत काय आहे ते पुस्तक मिटून सांगा.

## पायरी ५ : पार्श्वभूमी, पण आधार असलेली

यरुशलेम ते यरीहो अंतर सुमारे २७ किलोमीटर, आणि तेवढ्यात वाट जवळजवळ १००० मीटर खाली उतरते, ओसाड डोंगरकपारींतून. लुटारूंना सोयीची जागा.

यहुदी आणि शोमरोनी यांचे वैर नुसत्या गैरसमजाचे नव्हते. उपासनेची जागा यरुशलेम की गरिज्जीम डोंगर, हा वाद योहान ४:२० मध्येही दिसतो. गरिज्जिमावरचे मंदिर यहुदी राज्यकर्ता योहान हिर्कानस याने इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस पाडले. आणि येशूच्या लहानपणीच्या काळात शोमरोन्यांनी वल्हांडण सणाच्या वेळी यरुशलेमच्या मंदिरात मानवी हाडे टाकली, असे योसेफस हा इतिहासकार लिहितो. दोन्ही बाजूंकडे जखमा होत्या. 'शोमरोनी म्हणजे बिचारे दुर्लक्षित लोक' असे समजून वाचले तर दाखल्याची धार जाते.

पैशांचेही पाहून घ्या. उतारशाळेच्या मालकाला दिलेली दोन नाणी म्हणजे दोन दिनार. मत्तय २०:२ प्रमाणे एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. काही मराठी प्रतींत 'रुपये' असा शब्द वाचून ही रक्कम किरकोळ वाटते, ती तशी नव्हती.

इशारा: उपदेशांत फिरणारी 'पार्श्वभूमी' नेहमी खरी नसते. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणे सोपे, या येशूच्या वाक्यासाठी यरुशलेमेत 'सुईचे नाक' नावाचा छोटा दरवाजा होता आणि उंट गुडघे टेकून त्यातून जात असे, हे सर्रास सांगितले जाते. येशूच्या काळात असा दरवाजा असल्याचा पुरावा नाही. योहान २०:७ मधल्या गुंडाळलेल्या रुमालाबद्दल 'यहुदी मालक जेवताना रुमाल घडी करून ठेवला तर मी परत येतो असा अर्थ' हा संदेश दर ईस्टरला येतो. त्यालाही कोणताच जुना आधार नाही. माहिती ऐकून डोळे पाणावले की आधी विचारा, हे कुठे लिहिले आहे?

## पायरी ६ : मुख्य मुद्दा एका वाक्यात, मग इतरांकडे

आतापर्यंतच्या नोंदींवरून एक वाक्य लिहा. त्यात येशूने शास्त्र्याला काय सांगितले ते यावे, आपल्याला काय सांगितले ते नाही. उदाहरणार्थ: 'शेजारी कोण याची यादी मागणाऱ्याला येशूने त्याच्या शत्रूच्या हातून मदत घेणाऱ्या माणसाच्या जागी बसवले आणि तसाच शेजारी व्हायला सांगितले.' तुमचे वाक्य वेगळे असू शकते. पण उताऱ्यातला मोठा भाग त्या वाक्याबाहेर राहत असेल तर ते पुन्हा लिहा.

हे झाले की टीकाग्रंथ उघडा. तिथे एक जुनी वाट भेटेल. संत ऑगस्टिन यांनी या दाखल्यातला प्रवासी म्हणजे आदाम, लुटारू म्हणजे सैतान व त्याचे दूत, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे मंडळी आणि तिचा मालक म्हणजे पौल, असा अर्थ लावला. ऐकायला सुंदर आहे, आणि ख्रिस्ताबद्दल त्यात जे सांगितले आहे ते ख्रिस्ती विश्वासाला धरूनच आहे. पण समोर उभ्या असलेल्या शास्त्र्याला 'उतारशाळेचा मालक म्हणजे पौल' हे कळणे शक्य होते का? पौल अजून कथेत आलेलाही नाही. कॅथलिक परंपरेत आध्यात्मिक अर्थाला मोठे स्थान आहे, तरी कॅथलिक धर्मशिक्षणही इतर सगळे अर्थ शब्दशः अर्थावर उभे असतात असेच सांगते. म्हणजे ही पायरी ओलांडून तिकडे जाता येत नाही.

टीकाग्रंथ वाचताना तो तुमच्या डाव्या रकान्यात काय भर घालतो ते आधी पाहा. निष्कर्ष नंतर. दोन लेखकांचे मत जुळत नसेल तर दोघे कोणत्या वचनाला धरून बोलतात ते शोधा. गटात बसणार असाल तर एकच नियम ठेवा: कुणीही काही म्हटले की इतरांनी विचारायचे, "कोणत्या वचनात?" पाळकसाहेबांनाही.

एक प्रश्न या उताऱ्यात नक्की उठेल. अठ्ठाविसाव्या वचनात येशू म्हणतो, हेच कर म्हणजे तू जगशील. मग तारण कृपेने, विश्वासाने, या पौलाच्या शिकवणीचे काय? इथे दोन घाया टाळा. रोमकरांस पत्र आणून लूकचे तोंड बंद करू नका, आणि या एका वचनावर पौलाला खोटे ठरवू नका. वहीच्या शेवटच्या पानावर 'उरलेले प्रश्न' असे लिहून तो नोंदवा. लूक १८:९-१४ आणि १८:१८-२७ चा अभ्यास होईल तेव्हा परत या. लूक १८:१८ मध्ये शास्त्र्याचा पहिला प्रश्न जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा विचारला आहे.

## पायरी ७ : आता स्वतःकडे

घरसभेतल्या त्या पहिल्या प्रश्नाची वेळ आता आली. आधी तेव्हाच्या आणि आपल्या परिस्थितीत काय वेगळे आहे ते लिहा, मग काय सारखे आहे ते. आपल्याकडे शोमरोनी नाहीत. पण कुणाच्या हातची मदत घेताना आपल्याला अवघड वाटेल, याचे उत्तर प्रत्येकाकडे असते. आपल्या मंडळ्यांत अजूनही स्थळ पाहताना पूर्वजांची जात हळूच विचारली जाते. त्या माहितीचा आणि या दाखल्याचा संबंध लावायला टीकाग्रंथ लागत नाही.

इथली नेहमीची चूक म्हणजे आपण लगेच शोमरोन्याच्या जागी जाऊन बसतो: गरिबांना मदत करू, नाताळात ब्लँकेट वाटू. येशूने मात्र शास्त्र्याला रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या बाजूने पाहायला लावले. त्या जागेवरून काय दिसते ते आधी लिहा. दुसरी चूक, उतारा शेजारच्या बाकावरच्या माणसाला लागू करणे. तिसरी, 'सर्वांवर प्रीती करावी' असे गोल वाक्य लिहून वही मिटणे.

लागूकरण लिहिताना माणूस, कृती आणि दिवस तिन्ही लिहा. नाव वहीतच राहू द्या, घरसभेत साक्ष म्हणून सांगायचे नाही.

तपासा: तुम्ही लिहिलेली कृती पायरी ६ च्या वाक्यातून निघते का, की ती कोणत्याही उताऱ्याखाली चालली असती? चालली असती तर पुन्हा लिहा.

## पुढचा उतारा कोणता घ्यावा

फिलेमोनाला लिहिलेले पत्र घ्या. पंचवीस वचने, एक घर, एक पळालेला दास, आणि पौल काय मागतो आहे हे शोधायला भरपूर काम. त्यानंतर मार्क २:१-१२, मग योनाचे चारही अध्याय, तेही चौथ्यावर सर्वांत जास्त वेळ देऊन. स्तोत्र घ्यायचे असेल तर तेविसाव्याऐवजी तेरावे घ्या. ते पाठ नसते, म्हणून वाचले जाते. रोमकरांस पत्र सुट्या उताऱ्यांनी सुरू करू नका, आधी एका बैठकीत सलग वाचून काढा. दानीएलचा उत्तरार्ध आणि प्रकटीकरण निदान वर्षभर थांबू शकतात.